अंग आपलं, रस्ता सगळ्यांचा

आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील, काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील. खुशाल करा, फक्त बंद करू नका. शेवटपर्यंत ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

आज आम्ही एका सायकल फेरीचा इतिहास सांगणार आहोत. ही फेरी परदेशातल्या बऱ्याच शहरांत दर वर्षी निघते. अंगावर किती कपडे ठेवायचे हे ज्यानं-त्यानं ठरवायचं, असा तिचा नियम आहे. कुणी पूर्ण कपड्यांत येतं, कुणी अर्ध्या कपड्यांत, कुणी अंगावर काहीच न ठेवता येतं. शेकडो माणसं, काही शहरांत तर हजारो, अशी भर रस्त्यानं सायकल चालवत जातात. पोलीस अडवत नाहीत, उलट चौकात उभं राहून वाट करून देतात.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आधी हशा पिकला. मग एका जणीनं विचारलं, "पण लोकांनी ही फेरी काढू कशी दिली?" प्रश्न खरा होता. आपण गावात दारूबंदीचा मोर्चा काढायचा म्हटला, तरी पोलीस ठाणं, ग्रामपंचायत आणि घरची माणसं, एवढे उंबरे झिजवावे लागतात. मग या लोकांनी हे जमवलं कसं? हरकत कुणी घेतली? तिला उत्तर काय दिलं? शोधायला बसलो तर गोष्ट सव्वाशे वर्षं मागे गेली. तिथे पोचल्यावर कळलं, की तेव्हा भांडण कपडे काढण्यावरून नव्हतंच. ते विजार घालण्यावरून होतं.

विजारीवरून झालेली भांडणं

आज आपण जी सायकल बघतो, सारख्या उंचीची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. हादरे कमी झाले आणि सायकल बायकांनाही चालवता येईल अशी झाली. अडचण राहिली ती कपड्यांची.

तिकडच्या चांगल्या घरच्या बायका तेव्हा पायघोळ घागरा घालत. कंबर आवळणारी कडक चोळी असे, आत परकरांवर परकर. बायकांचे कपडे सुटसुटीत असावेत म्हणून लंडनमध्ये १८८१ साली एक संस्था निघाली. तिचं म्हणणं होतं, की आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण तीन किलोंपेक्षा जास्त नसावं. फक्त आतल्या कपड्यांचं बरं का! असा घागरा सायकलच्या साखळीत अडकायचा, बाई तोंडावर पडायची. म्हणून काही बायकांनी गुडघ्याखाली चुण्या घातलेली ढगळ विजार शिवून घेतली. अंग सगळं झाकलेलं होतं. तरीही गहजब झाला.

१८९३ साली टेसी रेनॉल्ड्स नावाची सोळा वर्षांची मुलगी ब्रायटनहून सायकलनं लंडनला गेली आणि परत आली. जाऊन-येऊन जवळपास १९० किलोमीटर अंतर तिनं साडेआठ तासांत कापलं. वर्तमानपत्रांना मात्र तिच्या दमापेक्षा तिची विजार जास्त दिसली. ते कपडे काय, ती लाज काय, यावरच रकाने भरले.

१८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात बायकांना पदवी द्यायची की नाही यावर मतदान होतं. विरोध करणाऱ्या पुरुष विद्यार्थ्यांनी एका बाईचा पुतळा केला, तिला विजार घातली, सायकलवर बसवलं आणि रस्त्यावर उंच टांगलं. शिकलेल्या बाईची टर उडवायला त्यांना सायकल आणि विजार याच दोन गोष्टी सापडल्या. प्रस्ताव पडला. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ साली.

१८९८ साली लेडी हार्बर्टन, वर सांगितलेल्या संस्थेच्या पुढारी, सायकलनं ऑकहॅम गावच्या एका खानावळीत गेल्या. विजार बघून मालकिणीनं त्यांना चांगल्या खोलीत बसू दिलं नाही, दारू पिणारे बसतात त्या खोलीत जा म्हणाली. सायकलवाल्यांच्या संघटनेनं खटला भरला. १८९९ साली निकाल लागला आणि संघटना हरली. बसायला जागा दिली होती ना, मग नकार कसा, असा तो हिशेब.

डॉक्टरही मागे नव्हते. सायकल चालवून बायकांचा चेहरा ताणला जातो, डोळे बाहेर येतात, असा "सायकल चेहरा" नावाचा आजारच काहींनी काढला होता. अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या सुसान अँथनी मात्र १८९६ साली म्हणाल्या, की बायकांना मोकळं करायला सायकलनं जेवढं केलं तेवढं दुसऱ्या कशानंच केलं नसेल.

या बायांनी अंग उघडं टाकलं नव्हतं. हरकत कुठे होती, तर बाई एकटी, आपल्या पायांवर, कुणाला न विचारता लांब जाते यावर. पण तसं म्हणायला तोंड होईना, म्हणून बोट कपड्यांकडे गेलं.

२००४ सालची फेरी

आता शंभर वर्षं पुढे येऊ. रस्ते मोटारींनी भरले. सायकलवाल्याला कडेला ढकललं गेलं. १९९२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सायकलवाल्यांनी महिन्यातून एकदा घोळक्यानं रस्त्यावर उतरायला सुरुवात केली. एकट्याला मोटारवाले मोजत नाहीत, शंभर जण असले की मोजावंच लागतं, एवढा साधा विचार त्यामागे होता. ही रीत पुढे जगभर पसरली.

२००१ साली स्पेनमधल्या सारागोसा शहरात काही सायकलवाल्यांनी अंगावर कपडे न ठेवता फेरी काढली. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात कॉनरॅड श्मिट नावाच्या कार्यकर्त्यानं हीच कल्पना उचलून धरली आणि १२ जून २००४ रोजी पहिली जागतिक फेरी निघाली. दहा देशांतल्या २८ शहरांनी त्यात भाग घेतला.

आता तुम्ही विचाराल, मागणी सायकलीची, मग कपडे कशाला उतरवायचे? ते दोन कारणं सांगतात. पहिलं कारण तेलाचं. पेट्रोल-डिझेलवर जग एवढं टेकलंय की त्यासाठी हवा बिघडते आणि लढायाही होतात, त्याचा निषेध. दुसरं कारण रस्त्यावरच्या जिवाचं. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्रा असतो. सायकलवाल्याभोवती फक्त कातडी. धक्का लागला तर थेट हाडाला लागतो. रोज कपड्यांत जातो तेव्हा आम्ही तुम्हाला दिसत नाही, आज तरी दिसतो का, असं ते अंगावर रंगानं लिहून विचारतात.

जमवाजमव कशी केली

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चार वेडे उठले आणि कपडे काढून निघाले. तसं होत नाही. मोर्चा काढलेल्या बाईला यामागची मेहनत लगेच कळेल.

आधी ठिकठिकाणचे संयोजक पोलिसांशी बोलतात. वाट ठरवतात, चढ किती, चौक किती, गर्दी कुठे, ते बघतात. काही शहरांत वाट शेवटच्या दिवसापर्यंत जाहीर करत नाहीत, नाहीतर कॅमेरेवाले आधीच जागा धरून बसतात. फाट्यावर उभं राहून घोळका पुढे जाईपर्यंत गाड्या थांबवायला स्वयंसेवक नेमतात. कुणाची सायकल बिघडली, कुणी मागे पडलं, तर शेवटी कुणी राहायचं ते ठरवतात. पायात चपला-बूट हवेत, डोक्यावर हेल्मेट असलेलं बरं, बैठकीवर स्वतःचं फडकं टाकावं, उन्हाचं मलम लावावं, अशा सूचना असतात. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, कुणाला हात लावायचा नाही, त्रास देणाऱ्याला फेरीतून बाहेर काढू, हेही सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना अशी, की जेवढं जमेल तेवढंच उतरवा. कपडे घालून आलात तरी तुम्ही आमच्यातलेच. कुणी कुणाला "काढ" म्हणायचं नाही, कुणी "घाल" म्हणायचं नाही. या फेरीच्या इतिहासात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

हरकती आणि उत्तरं

हरकती आल्या, आजही येतात. पहिली हरकत मुलांची. लहान लेकरं बघतील, त्यांच्यावर काय परिणाम होईल? संयोजकांचं उत्तर असं, की यात कामुक असं काही नाही, माणसाचं अंग आहे, तेही थकलेलं, सुटलेलं, म्हातारं, सगळ्या तऱ्हेचं. तरीही काही शहरांनी लोकांचा मान राखला. अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये फेरी रात्री काढण्याची रीत पडली. नको असेल त्यानं त्या वाटेला जाऊ नये, एवढी मोकळीक समोरच्यालाही मिळाली.

दुसरी हरकत खुद्द सायकलवाल्यांचीच. ते म्हणतात, लोक अंग बघतात आणि मागणी विसरतात. दुसऱ्या दिवशी छापून येतो फोटो, सायकलच्या वाटेबद्दल एक ओळ येत नाही. ही हरकत आम्हाला वजनदार वाटते. टेसीचंही तेच झालं होतं.

तिसरी हरकत बायकांची. फेरीत पुरुष जास्त, कडेला कॅमेरे घेऊन उभे राहणारेही पुरुषच. मग मोकळीक कुणाला मिळाली? म्हणूनच फोटोचा नियम आला, सोबत राहणारे स्वयंसेवक आले. प्रश्न पूर्ण सुटला असं कुणी म्हणू नये.

कायद्याचं म्हणाल तर प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याप्रमाणे नुसतं नागवं असणं हा लैंगिक गुन्हा नाही. समोरच्याला घाबरवायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूनं कुणी गुप्तांग दाखवलं, तर तो गुन्हा. म्हणजे तिथे हेतू बघतात. पोर्टलँडमध्ये २००८ साली कपड्यांविना सायकल चालवणाऱ्या एकावर खटला झाला. न्यायाधीशांनी त्याला सोडलं. शहरात ही आता रुळलेली रीत आहे आणि निषेधाचा एक मार्ग आहे, असं ते म्हणाले. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळानं २०१२ साली रस्त्यावरच्या नग्नतेवर बंदी घातली. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी, एका मताच्या फरकानं, मंजूर झाला. पण परवानगी घेऊन काढलेल्या मिरवणुकांना त्यांनीही सूट ठेवली.

हरकती हसण्यावारीही नेल्या गेल्या. २०१३ साली पोर्टलँडच्या कला संग्रहालयात सायकलींचं प्रदर्शन होतं. फेरीच्या दिवशी त्यांनी तिकीट असं ठेवलं, की अंगावर जितके कपडे, तितके डॉलर. बूट घातलेत? त्याचेही पैसे द्या!

आपल्याकडे

आपल्याकडे अशी फेरी काढली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य करणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. अशी फेरी काढा, असं आम्ही सुचवतही नाही. पण हा वाद आपल्याला अगदीच नवा नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ साली "समाजस्वास्थ्य" मासिक काढलं. कुटुंबनियोजन आणि स्त्री-पुरुष संबंध यांवर ते उघड लिहीत. मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापत. माणसाच्या शरीरात लाजण्यासारखं काही नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. कर्वे यांनी मासिक मात्र बंद केलं नाही, १९५३ साली मरेपर्यंत चालवलं.

आपल्या गावाकडे बघा. विहिरीवर गडी लंगोटीवर आंघोळ करतो, रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभा राहतो, कुणी काही म्हणत नाही. नाशिकच्या कुंभात नागा साधूंच्या पायांवर आपण डोकं ठेवतो. म्हणजे उघडं अंग आपल्या डोळ्यांना सोसत नाही असं नाही. कुणाचं अंग, यावर सगळं ठरतं.

आणि दुसरी बाजूही बोलायला हवी, ती न बोलता हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे बाईला उघडं पाडणं हे कायम हत्यार म्हणून वापरलं गेलंय. भावकीचं भांडण असो, जातीचा राग असो, चेटकीण ठरवणं असो, बाईचे कपडे फाडले, धिंड काढली, अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून "कपडे उतरवून फेरी" ऐकल्यावर आपल्या पोटात गोळा येतो. तो येणं बरोबरच आहे.

तरीही ज्या वर्षी ती पहिली जागतिक फेरी निघाली, त्याच वर्षी, महिनाभरानं, १५ जुलै २००४ ला मणिपूरमध्ये इंफाळ शहरात बारा जणी कांगला किल्ल्याच्या दारात गेल्या. थांगजम मनोरमा या तरुणीला सैनिकांनी घरातून नेलं होतं आणि नंतर तिचा मृतदेह सापडला होता. त्या वयस्क आयांनी सगळ्यांसमोर आपले कपडे उतरवले आणि आमच्यावरही अत्याचार करा असं ललकारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंफाळ शहराच्या हद्दीतून सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा उठला, नोव्हेंबरमध्ये कांगला किल्ला राज्याच्या ताब्यात आला.

त्या बाराजणींचं दुःख आणि परदेशातली रंगीबेरंगी फेरी यांची बरोबरी आम्ही करत नाही. दोन्हींत एकच धागा आहे. दुसऱ्यानं उघडं केलं तर तो अत्याचार. स्वतः ठरवून उघडं झालं, तर ते बोलणं असतं. मधली रेघ बाईच्या होकाराची आहे, कापडाची नाही.

अंगभर साडी आणि सायकल

शेवटी आणखी एक फेरी, अंगभर साड्यांतली. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम चालली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांच्या जोडीला सायकल आणली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीताई सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. एक लाखाहून जास्त ग्रामीण बाया तिथे सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या आणि त्याच बऱ्या म्हटल्या, मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून. १९९२ च्या ८ मार्चला, महिला दिनी, दीड हजारांवर बाया घंट्या वाजवत, झेंडे लावून शहरातून सायकलवर गेल्या.

त्यांनाही टोमणे खावेच लागले. बाई सायकलवर बसली की चालीरीत बिघडली, असं म्हणणारे तिथेही होते. कपडा अंगभर होता, पदर खोचलेला होता, तरी हरकत होतीच. १८९३ सालच्या टेसीला जे ऐकावं लागलं, तेच.

म्हणून सख्यांनो, पुढच्या वेळी कुणाच्या कपड्यांवर हरकत आली, की आधी हरकतीच्या आत काय आहे ते बघा. सून ड्रेस घालून गाडीवर दूध घालायला जाते, त्यावर बोलणारा ड्रेसवर बोलतोय की तिच्या हातात आलेल्या पैशांवर? पोरगी जीन्स घालून कॉलेजला जाते, त्यावर बोलणारा जीन्सवर बोलतोय की कॉलेजवर? आणि बोलणारी कधीकधी आपल्या गटातलीच असते, आपणच सासू असतो, हेही विसरू नका. जिला डोक्यावर पदर हवा तिनं तो घ्यावा, तिलाही कुणी हसू नये. मर्जीचा नियम दोन्हीकडून पाळायचा असतो.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की एवढं एकच काम करा. गोल बसून प्रत्येकीनं सांगायचं, आपल्याला कपड्यांवरून कधी, कुठे जायला अडवलं आणि ते अडवणं खरं कशासाठी होतं. कुणी मध्ये बोलायचं नाही, कुणाची गोष्ट बाहेर न्यायची नाही. आणि ज्या गावांत अजून मुली हायस्कूलला चार-पाच किलोमीटर चालत जातात, तिथे गटातल्या दोघी जणींनी सायकल शिकवायचं मनावर घ्या. शिकणारीनं साडी नेसायची की सलवार घालायची, ते तिचं तिला ठरवू द्या.